हवेची वाट

एप्रिल सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या दुकानात किंवा वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखाली त्याहूनही जास्त उकडतं. अशा खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग चालू असतं, फ्लेक्सचं डिझाइन चालू असतं, इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी प्रोजेक्ट चालवत असतो किंवा गेम खेळत असतो. संगणकाच्या पंख्यांचा आवाज वाढत जातो आणि मग दुकानदाराला फोन जातो : अजून एक पंखा बसवून द्या.

पंखा कुठे आणि कोणत्या तोंडाने बसवायचा, हे ठरवण्याआधी पंखा काय करू शकत नाही ते पक्कं करून घेऊ. पंखा हवा थंड करत नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर कॅबिनेटमधली कोणतीही गोष्ट ४२ च्या खाली जाणार नाही, मग पंखे दोन असोत की नऊ. पंख्याचं काम वाहतुकीचं आहे. आत तयार झालेली उष्णता हवेवर लादायची आणि ती हवा बाहेर नेऊन सोडायची. खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच आतल्या प्रत्येक भागाचं वाढतं. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर भर कामात ७५ वर स्थिर असतो, तोच मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास पोहोचतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या जवळ आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची ९५. तिथे पोहोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पुण्यातल्या एसी ऑफिसात जी मांडणी निभावून जाते ती इथे निभावत नाही, ती या १७ अंशांमुळे.

वाहून न्यायची हवा किती लागते, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येतं. समजा, यंत्र भर कामात ३०० वॅट वीज खातं. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा अंशांनी गरम असलेली चालेल, असं धरलं तर सेकंदाला सुमारे २८ लिटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. पंख्यांच्या खोक्यावर छापलेल्या मापात हे जवळजवळ ६० सीएफएम होतात, म्हणजे मिनिटाला ६० घनफूट. समुद्रकाठी, थंड हवेत हेच काम थोड्या कमी हवेत होतं. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि उन्हाळ्याची हवा विरळ असते. विरळ हवेच्या लिटरमागे वजन कमी, त्यामुळे उष्णता उचलण्याची ताकदही कमी.

१२० मिलिमीटरच्या एका बऱ्या पंख्याच्या खोक्यावर ५० ते ७० सीएफएम लिहिलेलं असतं. मग एका पंख्यात भागायला हवं. तसं होत नाही, कारण तो आकडा पंख्यासमोर काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. पुढची जाळी, धुळीचा फिल्टर, केबलींचा गुंता आणि मागची बारीक भोकं मध्ये आली की प्रत्यक्ष प्रवाह निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून सीएफएमच्या शेजारी छापलेला दुसरा आकडा वाचायची सवय लावून घ्यावी. तो स्थिर दाबाचा, म्हणजे स्टॅटिक प्रेशरचा असतो आणि पाण्याच्या उंचीच्या मिलिमीटरमध्ये देतात. फिल्टरमागे बसणाऱ्या पंख्याला हा आकडा दोनच्या जवळ असेल तर बरं. मागच्या उघड्या जाळीवरच्या पंख्याला एवढा दाब लागत नाही.

आता दिशा. सर्वमान्य मांडणी अशी : पुढून आणि खालून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. तिचं कारण बहुतेक जण सांगतात ते असं, की गरम हवा वर जाते. ते पुरेसं नाही. पाऊण हातभर उंचीच्या कॅबिनेटमध्ये दहा अंशांच्या फरकाने हवा वर चढण्याचा जो जोर तयार होतो, तो हिशोबाने एका पास्कलच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा भरतो. साध्या पंख्याचा कमाल दाब पंधरा-वीस पास्कल असतो, म्हणजे शंभरपटीहून जास्त. पंखा चालू असताना हवा पंखा सांगेल तिकडेच जाते. पुढून मागे ही दिशा टिकली ती रचनेमुळे : भागांची जागाच तशी आहे. मदरबोर्डवर प्रोसेसर वर आणि मागच्या बाजूला असतो, ग्राफिक्स कार्ड त्याच्या खाली आडवं असतं, आणि वापरणारा माणूस पुढे बसतो. गरम झोत त्याच्या अंगावर सोडून चालत नाही.

हे काही पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. आजच्या कॅबिनेटचा आराखडा ज्या एटीएक्स मानकावर उभा आहे, ते इंटेलने १९९५ मध्ये आणलं. त्याच्या सुरुवातीच्या रूपात वीजपुरवठ्याच्या डब्याचा, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्याचा पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडेल अशी कल्पना होती. पण ती हवा एसएमपीएसमधून जातानाच तापलेली असायची. प्रोसेसर जास्त वीज खाऊ लागले तशी कल्पना उलटली आणि तोच पंखा हवा बाहेर फेकू लागला. पुढे इंटेलने बीटीएक्स नावाची नवी रचना आणली. तिच्यात प्रोसेसर थेट पुढच्या पंख्याच्या झोतात बसवला होता. हवेच्या दृष्टीने ती सरस होती, पण बाजाराने ती स्वीकारली नाही आणि काही वर्षांतच इंटेलनेही तिचा नाद सोडला. कमी वीज खाणारे प्रोसेसर आले होते आणि जुन्या कॅबिनेटमध्येच दोन पंखे जास्त लावून काम भागत होतं.

ग्रामपंचायतींत, पतसंस्थांत, सेवा केंद्रांत अजूनही जी जुनी कॅबिनेट दिसतात, त्यांत एसएमपीएस वरच्या मागच्या कोपऱ्यात असतो आणि तो आतली गरम हवा स्वतःमधून ओढून बाहेर टाकतो. ऑफिसचं यंत्र शंभर वॅटही खात नाही, तोवर हे चालतं. नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो. खालच्या जाळीतून हवा घेतो, मागे सोडतो, बाकीच्यांशी त्याचा संबंध नाही. मात्र कॅबिनेट फरशीवर टेकलं असेल, किंवा सतरंजीवर ठेवलं असेल, तर ही खालची जाळी बंद होते. चार बोटं उंच स्टँड किंवा लाकडी पाट इथे नव्या पंख्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

इथवरचं सगळं जगात कुठेही लागू पडेल. बारामती-इंदापुरात मांडणीचा कौल फिरवते ती धूळ.

सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात पावसाळा संपला की रस्त्याचा फुफाटा उडतो. नीरा डाव्या कालव्याच्या बागायत भागात धूळ त्या मानाने कमी, पण ऊस तुटायला लागला की पाचट पेटतं आणि काळी काजळी वाऱ्यावर येते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या साखर कारखान्यांच्या गावांत ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गाळप चालतं. त्या दिवसांत अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी दिसते, तीच फिल्टरवरही दिसते. कापड आणि शिवणकाम चालतं तिथे सुताचे तंतू उडतात. ते प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पत्र्यांवर नमद्यासारखा थर धरतात. भिगवण-पळसदेवच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यालगत, संध्याकाळी दिव्यावर चिलटं आणि पाखरं येतात, आणि चमकते दिवे असलेले पंखे त्यांना बोलावतातच. हीटसिंकच्या दोन पत्र्यांमधली जागा जेमतेम दोन मिलिमीटरची असते. ती बुजली की बाहेर कितीही हवा खेळो, उष्णता धातूतून हवेत उतरतच नाही.

म्हणून इथे पहिला प्रश्न हवा किती येते हा नाही. ती कुठून येते, हा आहे. माझ्या मते या भागात कॅबिनेट घेताना आणि पंखे लावताना हा एकच निकष वर ठेवावा.

ज्या बाजूने पंखे आत हवा ढकलतात आणि ज्या बाजूने बाहेर फेकतात, त्यांतला जोर कधीच अगदी सारखा नसतो. बाहेर फेकणारे पंखे जोरदार असले तर आत दाब किंचित कमी होतो आणि कॅबिनेट प्रत्येक फटीतून हवा ओढून घेतं. मागच्या कार्डांच्या पट्ट्यांमधून, यूएसबीच्या भोकांभोवतून, बाजूच्या पत्र्याच्या कडेने. या फटींना फिल्टर नसतो. आत ढकलणारे पंखे जोरदार असतील तर उलट होतं. दाब किंचित वाढतो, फटींमधून हवा बाहेर येते, आणि आत यायचा मार्ग फक्त पंख्यांचा उरतो. त्या मार्गावर फिल्टर बसवला की काम झालं.

या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला याची उलट बाजू आधीच ठाऊक आहे. फॅन-पॅडचं पॉलिहाउस किंवा ईसी, म्हणजे वातावरण-नियंत्रित पोल्ट्रीची शेड, दोन्ही कमी दाबावर चालतात. एका टोकाला मोठे पंखे हवा बाहेर ओढतात, दुसऱ्या टोकाच्या ओल्या पॅडमधून गार हवा आत येते. तिथे हे उत्तम चालतं, कारण बाकी सगळं प्लॅस्टिक किंवा पडद्याने बंद असतं. हवेला पॅडवाचून दुसरा रस्ताच नाही. पडदा फाटला की सगळं गणित बिघडतं, हे पोल्ट्रीवाल्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळतं. संगणकाचं कॅबिनेट ही जन्मतःच पडदे फाटलेली शेड आहे. तिला सगळीकडून भोकं आहेत आणि ती बुजवता येत नाहीत. म्हणून इथे ओढण्यापेक्षा ढकलण्यावर भर.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. पुढे १२० मिलिमीटरचे दोन किंवा तीन पंखे आत ढकलणारे, मागे एक बाहेर फेकणारा. ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर वर, मागच्या कोपऱ्यात, आणखी एक बाहेर फेकणारा, तोही मंद वेगाने. फिल्टरमुळे पुढच्या पंख्यांचा प्रवाह घटतो, हे हिशोबात धरायला हवं. पुढे दोन आणि बाहेर दोन असे समसमान पंखे लावले आणि सगळे एकाच वेगाने फिरवले, तर फिल्टरच्या अडथळ्यामुळे बाहेर फेकणारी बाजू जड होते. कागदावर तोल बरोबर दिसतो, धूळ मात्र मागच्या पट्ट्यांमधून येत राहते.

एक चूक नव्या, दिमाखदार कॅबिनेटमध्ये फार दिसते. वरच्या पत्र्यावर पुढच्या बाजूला जागा रिकामी असते म्हणून तिथेही बाहेर फेकणारा पंखा बसवतात. तो पुढून नुकत्याच आत आलेल्या गार हवेलाच वर ओढून बाहेर टाकतो, प्रोसेसरपर्यंत पोचूच देत नाही. पंख्यांची संख्या वाढते, आवाज वाढतो, तापमान होतं तिथेच. ती जागा बंद ठेवावी, जाळी असेल तर तिच्यावर झाकण लावावं.

दुसरी गोष्ट पुढच्या काचेची. पुढे सपाट काच आणि कडेला बोटभर फट असलेली कॅबिनेट दिसायला सुरेख असतात. त्या काचेमागे तीन पंखे फिरत असले तरी त्यांना श्वास घ्यायला फक्त ती फट असते. चाळीस अंशांच्या गावात असं कॅबिनेट घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन. पुढे पूर्ण जाळी आणि जाळीमागे सहज निघणारा नायलॉनचा फिल्टर असलेलं साधं कॅबिनेट घ्यावं. फिल्टर काढायला स्क्रू खोलावा लागत असेल तर तो कधी साफ होणार नाही, हेही दुकानातच पाहून घ्यावं.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण आजच्या यंत्रात सर्वांत जास्त उष्णता तेच तयार करतं. दोन-तीन उघडे पंखे असलेलं कार्ड आपली सगळी उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतं. तिथून ती बाहेर काढणं मागच्या आणि वरच्या पंख्यांचं काम. एका टोकाला एकच पंखा असलेली ब्लोअर पद्धतीची कार्डं गरम हवा थेट मागच्या पट्टीतून बाहेर टाकतात. ती आवाज जास्त करतात, पण अरुंद कॅबिनेटमध्ये बाकीच्या भागांना त्यांचा ताप होत नाही. उघड्या पंख्यांच्या कार्डाला पुढच्या खालच्या पंख्याचा थेट झोत मिळाला पाहिजे. तिथे जुन्या हार्ड डिस्कचा पिंजरा रिकामाच उभा असेल तर तो काढून टाकावा. पिंजऱ्यात कोंबलेल्या जास्तीच्या केबली हा दुसरा अडसर. त्या मदरबोर्डच्या मागच्या बाजूला वळवल्या की पुढचा रस्ता मोकळा होतो.

द्रवशीतक म्हणजे लिक्विड कूलर घेतला की हवेचा प्रश्न सुटला, असा समज आहे. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये उभारलेला परम ब्रह्म हा महासंगणक द्रवानेच थंड ठेवला जातो. तिथे गरम झालेल्या द्रवाची उष्णता इमारतीबाहेर टाकण्याची वेगळी यंत्रणा असते. घरच्या कॅबिनेटमध्ये मात्र तो द्रव रेडिएटरपर्यंत जातो आणि तिथे पुन्हा पंखेच हवा फेकतात, तीही त्याच खोलीत. तीन पंख्यांचा रेडिएटर वर बसवला तर बाहेर फेकणारे पंखे मागच्यासह चार होतात. मग पुढचे तीन पंखे कमी पडतात आणि दाबाचा तोल धुळीच्या बाजूला झुकतो. अशा वेळी मागचा पंखा मंद करावा किंवा काढूनच ठेवावा.

गरम आणि गार हवेच्या वाटा वेगळ्या ठेवण्याचा विचार मोठ्या प्रमाणावर कसा चालतो, याचं उदाहरण बारामतीच्या उसाशी जोडलेलं आहे. इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. अशा प्रयोगांत शेतातल्या सेन्सरांची माहिती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरांत जाते. तिथे संगणकांच्या रांगा समोरासमोर तोंड करून ठेवतात. दोन रांगांच्या तोंडांमधल्या गल्लीत गार हवा, पाठींमधल्या गल्लीत गरम हवा, आणि दोन्ही एकमेकींत मिसळू नयेत म्हणून गल्ल्यांना दारं आणि छतही लावतात. टेबलाखालच्या कॅबिनेटलाही हे लागू आहे. ते भिंतीला पाठ लावून, दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या टेबलाच्या कप्प्यात ठेवलं तर मागून निघालेली गरम हवा वळून पुढच्या जाळीतून पुन्हा आत येते. कप्प्यातलं तापमान खोलीपेक्षा चढत जातं, आणि यंत्राला ४२ ऐवजी पन्नाशीची हवा प्यावी लागते. मागे निदान वीतभर जागा हवी.

वेगाचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट जाते, दाब चौपट होतो आणि वीज आठपट लागते. आवाज सुमारे पंधरा डेसिबलने चढतो. याचा फायदा उलट दिशेने घ्यायचा. मिनिटाला १५०० फेऱ्या मारणाऱ्या एका पंख्यापेक्षा ९०० फेऱ्यांचे दोन पंखे जास्त हवा देतात आणि आवाज कमी करतात. जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा पंखा घ्यावा. त्याचं तोंड छत्तीस टक्क्यांनी मोठं असतं. चार पिनांचा पंखा मदरबोर्डच्या बायोसमधून तापमानाप्रमाणे कमी-जास्त फिरवता येतो. पुढच्या पंख्यांचा वेग नेहमी मागच्यापेक्षा थोडा वर राहील अशी रेषा तिथे आखून ठेवावी. उन्हाळ्यासाठी ती रेषा वेगळी लागते. हिवाळ्यात जुळवलेली रेषा मे महिन्यात पंख्यांना सकाळपासूनच पूर्ण वेगावर नेऊन ठेवते.

खोलीतल्या कूलरचा विचार याच्याबरोबर करायला हवा. इथला उन्हाळा कोरडा असल्यामुळे पाण्याचा कूलर छान काम करतो. भर दुपारी त्याच्या तोंडाशी येणारी हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहूनही जास्त गार असते. कॅबिनेटमध्ये अजून तीन पंखे वाढवून जे मिळत नाही, ते खोली पाच-सहा अंशांनी उतरवून सहज मिळतं. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यातून येणारे बारीक थेंब बोअरचं क्षार असलेलं पाणी घेऊन येतात. धुळीच्या थरावर ते बसले की पांढरा, ओल धरणारा लेप होतो आणि पावसाळ्यात तोच सर्किटवर त्रास देतो. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीतली आर्द्रता वाढत जाते आणि कूलरचा गारवा संपतो.

उन्हाळ्यात बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावून ठेवणारे खूप आहेत. त्याने तापमान तात्पुरतं उतरतं, हे खरं. पण पाली, झुरळं, उंदीर यांना दार उघडं होतं आणि एका आठवड्यात आत धुळीचा पापुद्रा बसतो. पत्रा काढणं हे उपाय म्हणून वाईट, तपासणी म्हणून उत्तम. यंत्राला जड काम देऊन अर्धा तास चालवावं, तापमान लिहून घ्यावं, मग पत्रा काढून पुन्हा तेच करावं. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर हवेची वाट ठीक आहे. आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेट गुदमरत आहे, आणि दोष बहुधा पुढच्या जाळीत किंवा फिल्टरमध्ये सापडेल.

पंख्याचं तोंड ओळखणं अवघड नाही. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. चौकटीवर बरेचदा बाण कोरलेले असतात. दाबाचा तोल पाहायला पेटलेली उदबत्ती पुरते. मागच्या कार्डांच्या पट्ट्यांजवळ ती धरावी. धूर आत ओढला गेला तर कॅबिनेट फटीतून हवा घेत आहे, दूर ढकलला गेला तर तोल हवा तसा आहे. राख आत पडणार नाही एवढं अंतर ठेवावं.

फिल्टर धुण्याचं वेळापत्रक कॅलेंडरपेक्षा शिवाराने ठरवावं. गाळप चालू असताना, आणि जिरायत भागात वाऱ्याच्या महिन्यांत, पंधरवड्याला एकदा. पावसाळ्यात महिन्याला एकदा पुरे. आतली पूर्ण सफाई गाळप संपल्यावर, ऊन चढायच्या आधी एकदा करावी, म्हणजे मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. मोकळं सोडलं तर ते ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतं आणि बेअरिंगला इजा होते. साध्या स्लीव्ह बेअरिंगचं वंगण इथल्या उष्णतेत लवकर सुकतं, पंखा आधी घरघरतो आणि मग एखाद्या सकाळी फिरतच नाही. बदलताना बॉल बेअरिंगचा किंवा फ्लुइड बेअरिंगचा घ्यावा, आणि फक्त एकच पंखा बदलण्याइतके पैसे असतील तर पुढचा, फिल्टरमागचा आधी बदलावा.